खेमराजच्या आईबद्दल

१

सकाळचा चहा झाला की मी दुसऱ्यांच्या नावानं लिहायला बसायचे. कधी भंडाऱ्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांच्या नावानं, कधी एका राइस मिलवाल्यांच्या, कधी क्लासच्या सरांच्या. नोकरी-धंद्यातली माणसं जिथं एकमेकांशी ओळखी काढतात, त्या साइटवर या सगळ्यांची खाती होती आणि ती मी चालवायचे. पुण्यातली नोकरी सुटल्यावर घरी परतले ती हेच काम घेऊन. बाबांच्या कोसा साड्यांच्या दुकानावर एक खोली होती. तिथं खिडकीशी माझं टेबल.

या लिखाणाची एक रीत असते. पहिल्या ओळीवर वाचणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. मग तोकड्या ओळी. मध्ये एखादं माणूस हवं, त्या माणसाचं एखादं वाक्य हवं, त्यातून धंद्याला लागू पडेल असा धडा, आणि शेवटी एक प्रश्न, म्हणजे वाचणारा खाली दोन शब्द लिहून जातो. हे मला बरं जमायचं.

खेमराज पितळी भांड्यांचे व्यापारी. पस्तिशीचा, अबोल माणूस. दुकान भंडाऱ्यात, घर नदीपलीकडं कारध्याला. त्यांना मोठ्या शहरांतली हॉटेलं गिऱ्हाईक म्हणून हवी होती. पितळेच्या गुणांवर त्यांनी स्वतः लिहिलेल्या पोस्ट कोणी वाचत नव्हतं.

"भांड्यांबद्दल कोणी वाचत नाही," मी त्यांना म्हटलं. "माणसाबद्दल वाचतात. तुमच्या आईबद्दल लिहू या का? घरातली भांडी तर त्यांच्याच हातात असतील ना."

ते जरा वेळ काउंटरवरची परात पुसत राहिले.

"मी दीड वर्साचा होतो मॅडम, तवाच आई गेली. बाबा तिचं नाव काढत नाहीत. एक फोटो होता, तो पुराच्या साली घरात पाणी घुसलं त्यात गेला. आता मले तिचं तोंड बी आठवत नाही."

मी माफी मागितली. दुसरं काही लिहू म्हटलं.

"नाही नाही," ते एकदम म्हणाले. "तुम्हीच लिहा न. कशी असन थे, तुम्ही सांगा. आई म्हणजे आईच असते शेवटी."

मी त्यांच्या नावानं लिहिलं. पाणी भरण्याआधी माझी आई पाण्याचा प्रत्येक पितळी गुंड बोटाच्या पेरानं दोनदा वाजवून बघायची. धड गुंड गातो. चीर गेलेला नुसता थप करतो. 'घाई नको, राजा,' ती म्हणायची, 'आधी ऐक, मग भर.' आज मी माणसांशी सौदा करतो तेव्हाही आधी ऐकतो. तुम्ही ऐकता का?

दुपारपर्यंत ती पोस्ट बंगळूरपर्यंत पोचली होती.

२

मग दर आठवड्याला आई येऊ लागली. मी तिला बुटकी केलं, कारण फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभी राहणारी बाई लोकांना आवडते. तिला हळू बोलायला लावलं. काम करताना ती भजन गुणगुणायची. खेमराजला ती 'राजा' म्हणायची. प्रत्येक वेळी एक नवा धडा. वाचणारे खाली आपापल्या आयांबद्दल लिहायचे, रडलो म्हणायचे. उदयपूरच्या एका हॉटेलनं तांब्या-पेले मागवले. खेमराज खूश होते, मीही होते.

पोस्ट इंग्रजीत जायची, पण टाकण्याआधी मी ती फोनवर मराठीत सांगायचे. एकदा दुपारी अशीच सांगत होते. मागं आवाज आला. टण. टण. जरा थांबून पुन्हा, टण, टण.

भांड्याचा व्यापारी, भांडी वाजणारच. तरी माझं वाचणं अडखळलं.

"दुकानात गर्दी आहे का? नंतर करू?"

"दुकान कुठं, घरीच आहो मी आज."

"मोनिकाताई परत आल्या वाटतं."

मोनिका त्यांची बायको. छोट्या रक्षाला घेऊन ती तुमसरला माहेरी गेली होती, एवढं मला माहीत होतं.

"नाही आली थे." मग त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मी फोन कानापासून थोडा लांब धरला. "म्हणजे तुम्हाले बी ऐकू आलं?"

३

मी स्वतःला समजावलं. ज्या माणसाला आई मिळाली नाही, त्याला कागदावरची आई जवळची वाटणारच. घरात बायको-पोर नाही, शेजारी कोणी भांडी घासत असेल. कारध्याला घरं भिंतीला भिंत लावून आहेत. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि मला पटलंही.

पण खेमराज मला दुरुस्त्या सांगू लागले.

"मॅडम, तुम्ही भजन लिहिलं. भजन नोहे थे. शब्दच नाहीत त्याले. नुसता सूर आहे, अन् तो मधीच तुटते."

"बरं, भजन काढते."

"अन् तिच्या टाचा लिहा न एकदा. भेगा पडल्या आहेत. त्यात मेण भरते ती, चिमणीवर वितळवून."

मी टेबलाशी बसले होते, खाली बाबा गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवत होते. त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. तरी मला त्या खोलीत फार एकटं वाटलं. भेगांत मेण भरणारी बाई माझ्या डोक्यात आली होती. पहिल्याच पोस्टच्या वेळी. बरी दिसणार नाही म्हणून मी तिला तिथंच सोडलं होतं. लिहिलं नव्हतं. कोणाला बोलले नव्हते.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगते कोण? दिसते न मॅडम. मोरीजवळ बसली की टाचा मांगून दिसतात."

अनेक बायकांच्या टाचांना भेगा असतात, असं मी त्या दिवशी किती वेळा मनाशी म्हटलं असेल.

४

मोनिकाचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. नंबर ओळखीचा नव्हता.

"तुम्हीच लिहता न आमच्या घरचं?" आवाज भांडणाचा नव्हता, थकलेला होता.

मी हो म्हटलं.

"लोक समजतात मी भांडून आली. यायच्याशी माहं भांडण नाही. चांगला माणूस आहे तो. पण मले त्या सयपाकखोलीत जागाच राह्यली नाही, ताई."

"म्हणजे?"

"माहे डबे माह्या हाताच्या उंचीवर होते. सकाळी उठून पाहो तर सगळे खालच्या फळीवर. मी वर लावो, ते पुन्हा खाली. बुटक्या बाईले पुरतील असे. यायले विचारलं तर म्हणत, तूच ठेवले असशील. कणिक मळायले घेतली तर आधीच मळून, वर ओलं फडकं. पहिले वाटलं, सासरेच करून राहिले. पण ते तर सयपाकखोलीत पायच ठेवत नाहीत आता."

"तुम्ही कोणाला पाहिलं?"

"मी नाही पाहिलं. मले पाहायचं बी नव्हतं." ती थांबली. मागं रक्षा काहीतरी मागत होती, तिला तिनं हळूच दटावलं. "एक दिवस मी दारात उभी होती, अन् मले असं वाटलं की मीच कोणाच्या घरात न विचारता घुसली. माह्याच घरात. मी तिथूनच मागं फिरली, पोरीले घेतलं, अन् यष्टीत बसली. तुम्ही लिवनं बंद करा. पाया पडतो तुमच्या."

त्या आठवड्यात मी खेमराजना सांगितलं, तब्येत बरी नाही, लिहिणार नाही. पोस्ट गेली नाही. मला वाटलं होतं त्यानं बरं वाटेल.

दोन-चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. 'आई आज दिवसभर गुंड वाजवून राहिली. थांबतच नाही. तुमची वाट पाहते वाटते.'

५

मी कारध्याला गेले ती भर दुपारी, खेमराज दुकानात असतील ती वेळ साधून. ऑटो पुलावरून गेला तेव्हा खाली वैनगंगेचं पाणी उन्हात डोळ्यांवर येत होतं. कोणीतरी कपडे धूत होतं. असल्या उजेडात माणसाला आपली भीती बावळट वाटते. मला वाटलीही.

ओसरीवर खेमराजचे वडील, मधुकरराव, खुर्ची टाकून बसले होते. घराकडं पाठ, रस्त्याकडं तोंड. बाजूला त्यांची वळकटी, तांब्या, औषधाच्या बाटल्या, दोरीवर धोतर. माणूस ओसरीवर राहायलाच आला होता.

मी कोण ते सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते खुर्चीत जरा पुढं वाकले.

"तुमी लिवली थे?"

"हो, काकाजी."

"थे माही बायको नोहे."

ते हळू म्हणाले, आतल्या कोणाला ऐकू जाऊ नये तसं.

"खेमराज मले म्हणते, बाबा, आई आली. मी गेलो पाहाले. पाठमोरी बसली होती. मी म्हटलं, ललिता? तर काही नाही, आपली गुनगुनून राहिली. बाई, माही ललिता उंच होती. माह्यापेक्षा बोटभर उंच, मले लाज वाटे तिच्या बाजूनं चालाची. डावखुरी होती. सासू म्हणे डाव्या हातानं वाढू नको, तर मुद्दाम डाव्यानंच वाढे. गानं कायचं येते तिले, बेसूर होती पुरी. अन् दंडारीचा नाच लागला गावात का सगळ्याइच्या पुढं जाऊन बसे, अन् असं हासे, असं हासे, का नाचे थांबून पाहत कोन हासून राहिलं म्हणून."

त्यांचा चेहरा उजळला होता.

"हे तुम्ही खेमराजना कधी सांगितलं नाही?"

"सांगाले बसलो का रडू ये. म्हटलं, मोठा झाला का सांगू. मोठा झाला, अन् राहूनच गेलं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "तिचं तोंड पुरं ध्यानात आहे माह्या. हनवटीवर गोंदन, अन् एक भवई अशी वर चढलेली, नेमी कोनाची तरी मजा घेऊन राहिल्यासारखी. आता थे माह्याशिवाय कोनाजवळच नाही."

आत आवाज झाला. टण. टण.

म्हाताऱ्याचे हात खुर्चीवर आवळले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मला अजून कळत नाही मी आत का गेले. बहुधा एवढ्याचसाठी, की आत काही नाही हे बघून मला बाहेर येता यावं. मधली खोली ओलांडली. भिंतीवर पुराच्या पाण्याची मळकट रेघ होती. सैपाकखोलीच्या दारात थांबले. छपराच्या कवेलूंतून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता. जमीन नुकतीच पुसलेली. वरच्या फळ्या मोकळ्या, डबे सगळे खाली, ओळीनं. चिंचेचा आंबूस वास.

ती मोरीजवळ होती. पाठमोरी. हे मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगते. पाठ, खांद्यावरून घेतलेला पदर, उजव्या हातात गुंड. हात अगदी नीट दिसत होता, पेरावर पितळेचा काळा डाग होता. गळ्यातून सूर येत होता आणि मधेच तुटत होता.

"घाई नको, राजा," ती म्हणाली.

आवाज बाईचाच होता. पण वाक्याच्या मधला तो थांबा मी ओळखला. लिहिताना मी तिथं स्वल्पविराम दिला होता आणि मनात असंच म्हणून पाहिलं होतं.

मग तिला मी आल्याचं कळलं. मान वळू लागली. कान दिसला, गालाची कड दिसली, आणि तिथं ती थांबली. अडली. पुढं काय ते ठाऊक नसल्यासारखी, कोणीतरी सांगेल म्हणून खोळंबल्यासारखी. मी तिचा चेहरा कधीच लिहिला नव्हता.

गुंड खाली ठेवल्याचा आवाज झाला तेव्हा मी रस्त्यावर होते. चपला ओसरीवरच राहिल्या.

६

एकच गोष्ट मला सुचली. खरी ललिताबाई लिहायची. उंच, डावखुरी, बेसूर, दंडारीत पुढं बसून हसणारी. धडा नाही, प्रश्न नाही. मधुकररावांनी सांगितलं तसं. फक्त गोंदण आणि भुवई मी घातली नाही. त्या घरातल्या त्या अडलेल्या मानेला मी चेहरा देणार नव्हते.

दुकानात जाऊन खेमराजच्या हातात फोन दिला. ते उभ्या उभ्या वाचू लागले. बाहेर ऑटोंचा गलका, शेजारी कोणी परातीवर नाव कोरत होतं.

"ही कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमची आई. तुमच्या बाबांनी सांगितलं."

त्यांनी पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी सुटेल. पण त्यांनी फोन काउंटरवर माझ्याकडं सरकवला, परक्याची वस्तू परत करावी तसा.

"माही आई अशी हासत नाही, मॅडम."

"खेमराजभाऊ, मी त्या सगळ्या गोष्टी मनानं लिहिल्या. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणाला होता लिहा म्हणून."

"माहीत आहे न." ते शांत होते. "या बाईले मी ओळखत नाही. बाबांनी तिले कधी माह्यापर्यंत येऊच दिलं नाही, अन् आता पाठवते? मी लहानपणी तापानं फणफणलो, कोणी डोक्यावर हात ठेवला नाही. आता मी दुकानातून थकून येतो, तर कणिक मळून असते. मले राजा म्हणते कोणी. तुम्ही दिली मले थे. आता तुम्हीच काढून नेता?"

"मोनिकाताईंचं काय? रक्षाचं?"

त्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी माझा हात धरला. या माणसानं मला कधी स्पर्श केला नव्हता.

"एकच लिहा. पुन्हा काही मागणार नाही. तिचं तोंड लिहा. माह्याकडं वळते अन् अर्ध्यात थांबते. रोज. मले पाहवत नाही मॅडम, लय त्रास होते तिले."

"नाही."

"दोन ओळी."

"नाही, खेमराजभाऊ. मला ते जमणार नाही."

त्यांनी हात सोडला. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, फक्त विचार करत होते.

"राहू द्या. मग मी बाबांनाच विचारतो."

मी त्याच दुपारी मधुकररावांना फोन लावला. ते तो फारसा वापरत नसत, ते ओसरीवर आणि फोन आत घरातच पडून असे. खूप वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला आणि काही न बोलता ऐकत राहिलं. मी ठेवून दिला.

७

त्यानंतरची पोस्ट खेमराजनी स्वतः लिहिली. पहिली ओळ कशी असावी याची जाण नव्हती, धडा नव्हता. 'माझ्या आईच्या हनवटीवर गोंदण आहे. तिची एक भुवई वर चढलेली आहे.' एवढंच, आणखी चार ओळी तसल्याच. माझ्या कुठल्याही पोस्टपेक्षा ती जास्त वाचली गेली. खाली माणसांनी लिहिलं होतं, वाचताना चेहरा डोळ्यांसमोर उभा राहिला.

मी जायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण म्हातारा ओसरीवर एकटा असेल, हे डोक्यातून जाईना. मनाशी ठरवलं होतं, त्यांना आपल्या घरी घेऊन यायचं. माझ्या आईला तसं सांगूनही ठेवलं होतं. सकाळची वेळ होती.

ओसरी मोकळी होती. वळकटी नाही, बाटल्या नाहीत. मधुकरराव आत, मधल्या खोलीत पाटावर बसले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेली बंडी. तब्येत सुधारली होती.

"या बाई, बसा," ते म्हणाले. मला ओळखलं त्यांनी.

"काकाजी, तुम्ही माझ्यासोबत चला. चार दिवस आमच्याकडं राहा."

"कायले? इथं काय कमी आहे? ललिता आहे न."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. सैपाकखोलीकडं माझी पाठ येईल अशी.

"काकाजी, तुम्हीच मला सांगितलं होतं. ललिताकाकू उंच होत्या. तुमच्यापेक्षा बोटभर."

ते कौतुकानं हसले. "ललिता? उंच? तिले फळीवरचा डबा पुरत नाही."

"डाव्या हातानं वाढायच्या. सासूबाई रागवायच्या."

"नाही बा."

"दंडार पाहायला पुढं जाऊन बसायच्या. हसायच्या इतकं, की नाचणारे थांबून बघायचे."

ते मन लावून ऐकत होते. दुसऱ्याच्या घरची गोष्ट पाहुण्यानं सांगावी आणि आपण मान राखून ऐकावी, तसे. मी त्यांच्या डोळ्यांत शोधत होते. भीती असती तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिथं भीती नव्हती. पूर्ण समाधान होतं.

"मजेची बाई दिसते," ते म्हणाले. "कोन होती थे? तुमच्या नात्यातली?"

या माणसाशिवाय जिला कोणी पाहिलेलं नव्हतं, ती आता कोणाचीच उरली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "माझ्या नात्यातली."

"आता नाही का?"

"नाही."

"अरेरे." त्यांना खरंच वाईट वाटलं. मग ते आत वळून म्हणाले, "ललिता, बाई उन्हातून आली, पानी आन वं."

मागं सूर थांबला. पावलं आली, माझ्या पाठीमागून, मग वळसा घालून समोर. मी मान खाली घातली. लुगड्याचा काठ दिसला, दोन पावलं दिसली, बोटं माझ्याकडं केलेली. पितळेचा पेला माझ्यासमोर आला. तो मी घेतला.

"वर पाहा न बाई," मधुकरराव लाडानं म्हणाले. "घरचीच आहे. लाजता काहून?"

पाणी थंड होतं. पेला रिकामा होईपर्यंत मी मान वर केली नाही, आणि माझ्यासमोरची ती पावलंही तोपर्यंत हलली नाहीत.